ठिणगीची शेजपाळी

पेट्रोलवरची जीप नदीतून काढायची असली, की आधी पंख्याचा पट्टा उतरवावा लागे. कयाधूवर आज जागोजागी पूल आहेत. तेव्हा कळमनुरीकडच्या कित्येक गावांची वाट पात्रातूनच जाई. वडील सरकारी जीप चालवत. काठावर गाडी थांबवून ते बॉनेट उघडत, पट्टा काढून सीटखाली टाकत. पंखा फिरत राहिला तर तो पाणी उचलून थेट इंजिनावर मारतो, आणि त्या इंजिनावर एक जागा अशी होती, की तिथं ओल पोचली तर गाडी नदीच्या मधोमध उभी. ती जागा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. विलिस जातीच्या त्या जिपांना तो इंजिनाच्या कुशीला, बराच खाली बसवलेला असे. काळ्या बेकेलाइटची टोपी आणि तिच्यातून निघालेल्या पाच जाड वायरी: मधली कॉइलकडून आलेली, भोवतालच्या चार प्लगांकडं गेलेल्या. वडील टोपीवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवत, वायरींच्या बुडाशी ग्रीस चोपडत आणि पहिल्या गिअरमध्ये, मध्ये कुठंही न थांबता, गाडी पलीकडं नेत. मग पट्टा परत चढे.

मुक्कामाच्या गावी रात्री आणखी एक काम असे. टोपीच्या दोन क्लिपा सोडायच्या, आतला रोटर उपसायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा बेकेलाइटचा तुकडा, वर पितळेची पट्टी. तो नसला तर कुणी कितीही सेल्फ मारो, हँडल मारो, इंजिन चालू होत नाही. जिपेला कुलूप नव्हतं, दारं कापडाची. रोटर हेच तिचं कुलूप. लष्करातल्या ड्रायव्हरांची ही जुनी रीत. एवढी मोठी गाडी एवढ्याशा तुकड्यावाचून अडते, याचं मला लहानपणी फार अप्रूप वाटे. तो तुकडा आत करतो तरी काय, या प्रश्नानं मी इंजिनांच्या नादी लागलो आणि तो नाद अजून सुटलेला नाही.

डिझेलच्या गाडीला हा प्रश्नच नाही. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की ती तापून स्वतःच इंधन पेटवते. एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, नंतरच्या काळ्या-पिवळ्या जिपा, हे सगळं जग ठिणगीवाचून चालतं. पेट्रोलचं मिश्रण मात्र बाहेरून पेटवावं लागतं, आणि तेही बरोबर वेळेवर. ही वेळ किती बारीक असते ते पाहा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, क्रँकशाफ्ट १८ अंश फिरून गेलेला असतो. चार सिलिंडरांच्या इंजिनाला त्या वेगात सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. त्या चार-सहा अंश मागंपुढं झाल्या तरी चालवणाऱ्याला कळतं: गाडी ओढत नाही, चढाला इंजिन ठोकायला लागतं.

आता वीज कुठून येते ते पाहू. बॅटरी १२ व्होल्टची, सुरुवातीच्या जिपांत तर ६चीच. प्लगच्या दोन टोकांतली फट पाऊण मिलिमीटर. दाबलेल्या मिश्रणातून ती फट ओलांडायला पंधरा-वीस हजार व्होल्ट हवेत. हे अंतर कॉइल भरून काढते. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे त्यांच्या सुमारे शंभरपट वेढे, एवढीच तिची रचना. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह सोडला की गाभ्यात चुंबकत्व भरत जातं. तोवर प्लगवर काहीच दिसत नाही. मग प्रवाह एकदम तोडला की चुंबकत्व कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. चुंबकत्व नुसतं असून भागत नाही, ते बदलावं लागतं. म्हणजे सगळं कौशल्य प्रवाह नेमका केव्हा तोडायचा यात आहे.

ते तोडण्याचं काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या पॉइंटांचं. टंगस्टनच्या दोन टिकल्या एकमेकींना टेकून बसलेल्या, मध्ये चार कोपऱ्यांचा कॅम. तो फिरतो, एकेक कोपरा येतो, टिकल्या विलग होतात, ठिणगी पडते. त्याच दांड्याच्या डोक्यावर रोटर बसलेला. ज्या सिलिंडरची पाळी, त्याच्या वायरीसमोर तो आपलं पितळी टोक नेमकं तेव्हा आणून ठेवतो. एक, तीन, चार, दोन हा जिपेचा क्रम. फियाट आणि ॲम्बॅसडरचाही तोच.

वसमतच्या शेतकऱ्याला हे समजावायला एक शब्द पुरतो: शेजपाळी. पूर्णा प्रकल्पाचं पाणी सिद्धेश्वर धरणातून कालव्यानं निघतं आणि चारीवर ज्याची त्याची पाळी ठरलेली असते. पाणी एक, पाटकरी एक, शेतं अनेक. एकाचं दार बंद करायचं, दुसऱ्याचं उघडायचं. कॉइल हा तो कालवा आणि रोटर हा तो पाटकरी. या व्यवस्थेत सगळा हिशोब एका जागी असतो, म्हणून तो तपासता येतो, सुधारता येतो. आणि त्या एका जागी बिघाड झाला तर एकाही शेताला पाणी मिळत नाही.

हा हिशोब तपासणारे उस्ताद हिंगोलीत होते. वडिलांच्या जिपेचं काम त्यांच्याकडंच असे. टायमिंग लावायला त्यांच्याजवळ एक बल्ब, दोन वायरी आणि पात्यांचा गेज, एवढीच सामग्री. पॉइंटांची फट वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. आधी बारीक कानशीनं टिकल्यांवरचा जळका डाग काढायचा, फट लावायची. मग हँडलनं इंजिन हळूहळू फिरवत फ्लायव्हीलवरची खूण खिडकीत आणायची. बल्बचं एक टोक पॉइंटाच्या वायरीला, दुसरं बॉडीला. आता डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून तो अख्खा हातानं कणभर फिरवायचा. ज्या क्षणी पॉइंट उघडतील त्या क्षणी बल्ब पेटणार. तिथंच बोल्ट आवळायचा. पाहायला मिळालं तेव्हा माझा श्वास रोखलेला असे. सेकंदाच्या हजाराव्या भागाचं काम, आणि ते एक माणूस दिवसाउजेडी, दोन बोटांनी, बल्बकडं बघत करत होता.

त्यांचं दुसरं काम रात्रीचं. पावसाळ्यात गाडी मिस करायली म्हणून आली, की ते ती अंधार पडेपर्यंत ठेवून घेत. मग दिवे मालवून इंजिन चालू करत आणि बॉनेटमध्ये डोकं घालत. टोपीला केसाएवढी चीर असली तर तिच्यातून निळसर रेघ सरपटताना दिसे. ओल, धूळ आणि कोळशाची बारीक भुकटी मिळून ठिणगीला एक चोरवाट तयार झालेली असे, आणि वीज प्लगपर्यंत जाण्याऐवजी तिथूनच बॉडीत उतरे. टोपी उघडली की तिखट वास येई. आत सतत ठिणग्या पडून हवेतल्या ऑक्सिजनचा ओझोन होतो, त्याचा तो वास. दिवसा तेच काम कानानं होई. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपटायची. वायर काढल्यावर आवाज पडला, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. "आवाज पडला नाही तर तोच मेलेला," असं उस्ताद म्हणत, आणि पुढची वायर धरत.

डिस्ट्रिब्युटरमध्ये मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट मात्र त्याच्या तळाशी लपलेली होती. मिश्रण पेटायला ठरावीक वेळ लागतो, पण इंजिनाचा वेग बदलत असतो. वेग वाढला की ठिणगी लवकर टाकायला हवी, नाहीतर पिस्टन खाली निघून जातो आणि आग मागून येते. हे कुणी ठरवायचं? तळाशी दोन छोटी लोखंडी वजनं आणि दोन स्प्रिंगा असत. दांडा जोरात फिरला की वजनं बाहेर पसरत आणि कॅमला थोडं पुढं ढकलत. फियाटमध्ये त्यांच्या जोडीला एक पडदा असे. पाय किती दाबलाय ते तो इंजिनाच्या ओढीवरून ओळखून आणखी थोडी दुरुस्ती करी. दोन वजनं, दोन स्प्रिंगा, एक पडदा, आणि सेकंदाला शंभरदा एक उत्तर. त्यात विजेचा एक घटकही नव्हता. माणसानं केलेल्या यंत्रांत याहून नेटकं काही मी फार थोडं पाहिलं आहे.

कॉइल, पॉइंट आणि वाटप यांची ही सगळी रचना ज्यानं बसवली तो चार्ल्स केटरिंग ओहायोतल्या शेतावर वाढलेला, काही काळ शाळेत शिकवलेला माणूस. डेटन गावात एका सहकाऱ्याच्या घरामागच्या कोठारात सुट्टीच्या वेळी मित्र जमवून त्यानं हे काम केलं. त्यातूनच त्यांची डेल्को कंपनी उभी राहिली, आणि कॅडिलॅकनं १९१० च्या गाड्यांना ही पद्धत घेतली. त्याआधी जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डनं १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला होता. त्याला बॅटरीच लागत नसे. केटरिंगची पद्धत साधी आणि स्वस्त होती, म्हणून ती जगभर गेली. आपल्याकडं वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघत राहिल्या, मुंबईतच महिंद्रांनी विलिसच्या जिपा जोडल्या, आणि त्या सगळ्यांच्या पोटात केटरिंगचीच शेजपाळी होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तीही डिस्ट्रिब्युटर घेऊनच. तीन सिलिंडर, एक-तीन-दोन.

आता या कथेतली जी गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली आणि जिच्यामुळं मी हा सगळा प्रवास वेगळ्या नजरेनं पाहू लागलो, ती सांगतो. आपण समजतो, की आधी एक कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर होता, मग प्रगती होऊन प्रत्येक सिलिंडरला आपापली कॉइल मिळाली. पण १९०८ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला पहिल्या दिवसापासून चार सिलिंडरांना चार कॉइली होत्या. एका लाकडी पेटीत त्या शेजारी शेजारी उभ्या बसवलेल्या असत. फ्लायव्हीलवर चुंबक बसवून केलेला मॅग्नेटो त्यांना वीज पुरवी. १९२७ पर्यंत दीड कोटींवर मॉडेल टी विकल्या गेल्या, त्या सगळ्या अशाच. म्हणजे स्वतंत्र कॉइल आधी आली, डिस्ट्रिब्युटर नंतर.

मग ती मागं का पडली? त्या प्रत्येक कॉइलच्या डोक्यावर एक थरथरणारी पट्टी होती आणि प्रवाह जोडण्या-तोडण्याचं काम ती पट्टी करी. चार कॉइलींच्या चार पट्ट्या. एकीची स्प्रिंग ताठ, दुसरीची सैल. एकीची टिकली जळलेली, दुसरीची नवी. चार सिलिंडरांना ठिणगी मिळे, पण सारख्या वेळी मिळे असं नाही. त्या चौघींना एका सुरात ठेवणं हे रोजचं काम होऊन बसे. केटरिंगच्या पद्धतीत तोडणारा एकच, म्हणून चुकला तरी चौघांसाठी सारखाच चुकणार. त्या काळी हा मोठा फायदा होता. स्वतंत्र कॉइल ही कल्पना वाईट नव्हती. प्रत्येकीनं आपली वेळ स्वतः ठरवणं हे तिचं दुखणं होतं. चौघींना एकाच वेळापत्रकानं हाकणारं काही त्या काळी कुणापाशी नव्हतं.

ते यायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली, आणि आलं तेही एका झटक्यात आलं नाही. डिस्ट्रिब्युटरची एकेक कामं काढून घेतली गेली. आधी पॉइंट गेले. सत्तरच्या दशकात अमेरिकी गाड्यांत ट्रान्झिस्टर प्रवाह तोडू लागला. टिकली नाही म्हणून जळणं नाही, घासणं नाही, फट लावणं नाही. आपल्याकडं ऐंशीच्या दशकात मोटारसायकलींना सीडीआय, म्हणजे पॉइंटांवाचूनची इलेक्ट्रॉनिक ठिणगी, आलं, आणि दर पावसाळ्यात पॉइंट घासून घ्यायला येणारी गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. मग वजनं आणि स्प्रिंगा गेल्या; किती अंश आधी ठिणगी टाकायची याचा तक्ता संगणकाच्या स्मृतीत ठेवला गेला आणि क्रँकशाफ्टवरचा सेन्सर त्याला इंजिन कुठं आहे ते कळवू लागला. आता डिस्ट्रिब्युटरकडं उरलं होतं फक्त वाटप. तेही निम्मं गेलं. चारांपैकी दोन पिस्टन नेहमी जोडीनं वर येतात, एक दाबाच्या फेऱ्यात आणि दुसरा धूर बाहेर टाकण्याच्या. एक कॉइल दोघांनाही एकदम ठिणगी देते. एकाची कामी येते, दुसऱ्याची वाया जाते, पण वाटणारा लागत नाही. सित्रोएननं १९४८ च्या दोन सिलिंडरांच्या टूसीव्हीत हीच युक्ती केली होती. शेवटी प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल येऊन बसली. ऐंशीच्या दशकात स्वीडनच्या साबनं ती वाट दाखवली. आज आपल्या गावात फिरणाऱ्या बहुतेक पेट्रोल मोटारींत बॉनेटखाली त्याच काळ्या, हातभर नव्हे तर वीतभर लांबीच्या कॉइली प्लगांच्या खोबणीत उभ्या असतात. विहीर ज्याच्या त्याच्या शेतात आली, आणि पाण्याच्या सगळ्या मोटारींची कळ मात्र संगणकाच्या एका हाती राहिली.

यानं काय मिळालं याचा हिशोब मांडण्यासारखा आहे. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असताना एकाच कॉइलला सेकंदाला २०० ठिणग्या टाकाव्या लागत. म्हणजे दोन ठिणग्यांत ५ मिलिसेकंद, आणि पॉइंट मिटलेले असत त्यातले जेमतेम ३. एवढ्यात कॉइलमध्ये पुरतं चुंबकत्व भरतच नसे, म्हणून जोरात पळवलं की जुनी इंजिनं दमत. प्रत्येकाला आपली कॉइल मिळाली की तिला दोन ठिणग्यांत २० मिलिसेकंद मिळतात. शिवाय डिस्ट्रिब्युटरमध्ये विजेला दोन उड्या माराव्या लागत, एक रोटरपासून टोपीपर्यंत आणि दुसरी प्लगमध्ये; पहिली निव्वळ वाया. ती गेली. जाड वायरी गेल्या, टोपीची चीर गेली, पावसाळा गेला. एखाद्या सिलिंडरात मिश्रण ठोकायला लागलं तर संगणक तेवढ्या एकाचीच ठिणगी मागं घेऊ शकतो. पेट्रोल कमी लागतं, धूर स्वच्छ होतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले बीएस-६ चे निकष टिकल्या आणि स्प्रिंगांच्या भरवशावर पाळता आलेच नसते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नवी पद्धत जुनीपेक्षा चांगली आहे, सर्व बाजूंनी चांगली आहे. वडिलांना काठावर उभं राहून पट्टा उतरवावा लागे, ती काही रम्य गोष्ट नव्हती. पुराच्या पाण्यात गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे आत बाळंतीण बसलेली असताना ज्यांनी अनुभवलं, त्यांना विचारावं.

आणि तरीही काहीतरी हातातून गेलं, ते नीट ओळखायला हवं. कॉइल आता इपॉक्सीत ओतून बंद केलेली असते. ती उघडत नाही, घासत नाही, दुरुस्त होत नाही. फेकायची आणि नवी आणायची. पॉइंटांच्या जोडीचा कंडेन्सर चिल्लर पैशांत मिळे, ही कॉइल हजारापासून पुढं. एक कॉइल गेली तर इंजिन बंद पडत नाही, तीन सिलिंडरांवर लंगडत चालत राहतं, आणि लोक चालवत राहतात. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकत असतो. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि हजाराच्या कामापायी बरेच हजार जातात. गाडीच्या मालकांनो, तो दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढं दामटू नका, एवढं जाता जाता सांगतो.

उस्तादांचं गॅरेज आता त्यांचा मुलगा चालवतो. मिस करणारी गाडी आली की तो स्कॅनर लावतो. पडद्यावर पी-०३०३ असा क्रमांक येतो: तिसरा सिलिंडर मिस करतोय. इथं पुष्कळ जण थांबतात आणि तिसऱ्याची कॉइल बदलायला सांगतात. हा थांबत नाही. तिसऱ्यावरची कॉइल काढून पहिल्यावर बसवतो, पहिल्यावरची तिसऱ्यावर. परत चालवून पाहतो. आता क्रमांक पी-०३०१ झाला, तर दोष कॉइलीबरोबर सरकला, कॉइल खराब. तिसऱ्यावरच राहिला, तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर पाहायचा. मला त्यात एकेक वायर उपटून कान देणारे उस्तादच दिसतात. साधन बदललं, विचार तोच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते पाहायचं. खंडेनवमीला तो स्कॅनरही पान्यांच्या आणि गेजच्या शेजारी मांडतो, हळद-कुंकू लावतो, झेंडूचं फूल ठेवतो. ते योग्यच आहे.

पण त्याला हा विचार कुठून मिळाला? तो लहानपणी उघड्या डिस्ट्रिब्युटरसमोर बसला होता. टिकल्या उघडताना, ठिणगी पडताना, रोटर वळताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आज सेनगाव-औंढ्यात जो पोरगा मोटारसायकलचं काम शिकतो, त्याच्यासमोर २०२० नंतरच्या गाड्यांत नुसत्या बंद डब्या आहेत. तो क्रमांक वाचतो आणि सुटा भाग बदलतो. त्याच्या हुशारीत काही कमी नाही. त्याला आत काय चाललंय ते कुणी दाखवलेलं नाही, एवढंच. आणि बंद डबीवर भरवसा ठेवून काम करणारा माणूस, डबी खोटं सांगू लागली की अडतो.

गंमत अशी, की काम शिकणारा तोच पोरगा घरी गेल्यावर १९०२ सालची कल्पना पाठीवर घेतो. जुलैत सोयाबीनवर फवारणी सुरू झाली, की जिल्हाभर पेट्रोलवरच्या फवारणी पंपांचा आवाज असतो. त्या पंपाला बॅटरी नाही. फ्लायव्हीलमध्ये बसवलेलं चुंबक दर फेऱ्याला शेजारच्या कॉइलजवळून जातं, आणि त्या जाण्यातूनच प्लगला ठिणगी मिळते. दोर ओढला की माणसाच्या हाताच्या बळावर हजारो व्होल्ट तयार होतात. सिलिंडर एकच, म्हणून वाटप नाही, शेजपाळी नाही. एका सिलिंडरला एक कॉइल. मोटारींच्या दुनियेनं शंभर वर्षं फिरून जी गोष्ट गाठली, ती आमच्या शेतात आधीपासून होती. पंप चालू होत नसला की शेतकरी प्लग काढून सदऱ्याला पुसतो, बॉडीला टेकवून दोर ओढतो आणि निळी ठिणगी दिसते का पाहतो. फॅरडेचा प्रयोग याहून वेगळा नाही, पण तो फॅरडेचा प्रयोग आहे हे त्याला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं.

दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा आहे. बहुतेक मुलं तो फळ्यावरच्या आकृतीवरून शिकतात. याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेझरचा प्रकाश सोडून अणूहूनही फार सूक्ष्म हालचाल टिपणारं ते यंत्र असेल. तिथं काम करायला आपल्या भागातली मुलं जावीत असं वाटत असेल, तर त्यांच्या हातात आधी एक टिकली, एक कॉइल आणि एक प्लग पडायला हवा.

त्यासाठी निधी लागत नाही. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या प्रत्येक जुन्या गॅरेजात फळीखाली एखादा तरी डिस्ट्रिब्युटर धूळ खात पडलेला आहे. भंगारवाला त्याचे किलोवर पैसे देतो. गॅरेजवाल्यांनो, तो भंगारात घालू नका. जवळच्या जिल्हा परिषद शाळेला द्या, आयटीआयला द्या, सोबत एक जुनी कॉइल, कंडेन्सर आणि चार प्लग द्या. शिक्षकांनी तो मागून आणावा, लाकडी फळीवर बसवावा, दांड्याला हँडल लावावं आणि मुलांना तो हातानं फिरवू द्यावा. एक, तीन, चार, दोन अशा ठिणग्या पडतात. चारही प्लगांच्या बॉड्या एका तारेनं बॅटरीच्या अर्थला जोडलेल्या असाव्यात, आसपास पेट्रोल नसावं, आणि बॅटरी १२ व्होल्टची आहे म्हणून कुणाला प्लगच्या वायरीला हात लावू देऊ नये. तिथं वीस हजार असतात.